इस्रायल-पॅलेस्टाइन : जमीन विकत घेतली होती, की हिसकावली?

शेतसारा

इस्रायल-पॅलेस्टाइनचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘ज्यूंनी जमीन रोख पैसे मोजून घेतली’ हे एक आणि ‘ज्यूंनी जमीन बळकावली’ हे दुसरं. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. जमिनीच्या भांडणात आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, कोणत्या सालचा उतारा दाखवताय? तोच प्रश्न मनात ठेवून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. माझं मत आधीच सांगतो. १९४७ पर्यंत ज्यूंकडे असलेली बहुतेक जमीन खरोखरच विकत घेतलेली होती. १९४८ पासून पुढची नव्हती. आणि विकत घेतलेल्या जमिनीतही कसणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

सुरुवात तुर्की अमलात होते. १८५८ साली ऑटोमन सरकारने जमिनीचा कायदा केला आणि ज्याने त्याने आपली जमीन नोंदवावी असा हुकूम काढला. पॅलेस्टाइनमधले शेतकरी, म्हणजे फल्लाहीन, नोंदणीला बिचकले. नाव लागलं की सारा वाढेल आणि पोरगा फौजेत ओढला जाईल ही धास्ती. कित्येकांनी नोंदणी टाळली, कित्येकांनी शहरातल्या बड्या असामीच्या नावावर होऊ दिली. सरकारनेही मोठाले पट्टे व्यापाऱ्यांना विकून टाकले. मर्ज इब्न आमिर, ज्याला ज्यू लोक यिझ्रेएलचं खोरं म्हणतात, तिथला बराच मुलूख बैरूतच्या सुरसुक या धनाढ्य घराण्याकडे गेला. मालक बैरूतला, कसणारा खोऱ्यात. आपल्याकडच्या खोत आणि कुळांची आठवण यावी असाच प्रकार. आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबई इलाख्याचा कूळकायदा तरी आला.

१९१० मध्ये सुरसुक घराण्याने अल-फुला हे गाव ज्यू खरेदीदारांना विकलं. नाझरेथचा कायमकाम, म्हणजे तिथला मुलकी अधिकारी, शुक्री अल-असली याने कुळांची बाजू घेतली, ताबा द्यायला नकार दिला, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. शेवटी वरून हुकूम आला, कुळं उठली आणि १९११ मध्ये तिथे मेर्हाविया ही वसाहत उभी राहिली. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर अमेरिकेतून आल्या त्या याच मेर्हावियात राहायला. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देऊ असं ब्रिटनचं वचन, म्हणजे बाल्फोर जाहीरनामा, २ नोव्हेंबर १९१७ चा. म्हणजे इंग्रजांचं पाऊल पडण्याआधीच जमिनीचं भांडण सुरू झालेलं होतं.

१९२१ ते १९२५ या काळात त्याच खोऱ्यातली वीसेक गावं अशीच विकली गेली. पूर्वीही मालक बदलत, पण कूळ आपल्या जागी राही. आता तसं राहिलं नाही, कारण १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा दंडक होता की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, ज्यूंनाच भाडेपट्ट्याने द्यायची आणि तिथे राबणारे हातही ज्यूंचेच हवेत. कुळाला थोडी रक्कम मिळे आणि ते हैफाच्या गोदीत किंवा पत्र्याच्या झोपड्यांत जाऊन पडे.

१९४७ पर्यंत ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण क्षेत्राच्या सुमारे ७ टक्के होती. बाकीचं नंतर कसं झालं, यावर जाणकारांनी लिहावं. मतभेद असतील तर जरूर मांडा, फक्त साल सांगा.

वाचनमात्र

वाचतोय. एक शंका. सगळीकडे ‘दुनम’ असा शब्द येतो. दुनम म्हणजे किती?

शेतसारा

ब्रिटिश काळापासून एक दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर. आपले जवळपास दहा गुंठे.

तात्या_सांगली

गुंठ्यावर विषय आला म्हणजे आता आम्हा सांगलीकरांना कुणी गप्प बसवू शकणार नाही. काका, उत्तम सुरुवात.

दर्यावर्दी

शेतसारा काका, मांडणी आवडली, पण तिच्यात एक मोठी जागा रिकामी राहिली आहे. विकणाऱ्यांचं काय? सुरसुक बैरूतचे होते हे मान्य. पण पॅलेस्टाइनमधल्या बड्या घराण्यांनीही जमिनी विकल्या. सभेत जमीनविक्रीविरुद्ध भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांपैकी काहींची नावं विकणाऱ्यांच्या यादीत सापडतात. विकणारा आपल्या मर्जीने विकतो, घेणारा बाजारभावापेक्षा चढी किंमत देतो, त्यात घेणाऱ्याचा दोष काय?

आणि घेणारा कोण होता तेही पाहा. १८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. १९३३ मध्ये हिटलर आला. १९३८ मध्ये एव्हियाँला ३२ देशांची परिषद भरली, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि जवळपास कुणीच दार उघडलं नाही. १९३९ मध्ये इंग्रजांनी श्वेतपत्रिका काढून पाच वर्षांत फक्त ७५,००० ज्यूंना प्रवेश देऊ असं ठरवलं. नेमकं युरोपात मरण दारात उभं असताना! १९४२ च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रुमा’ नावाचं जहाज रुमानियातून निघालेल्या साडेसातशेहून जास्त निर्वासितांसह काळ्या समुद्रात बुडालं. इंग्रज त्यांना पॅलेस्टाइनमध्ये येऊ देत नव्हते, तुर्कस्तान उतरू देत नव्हता. एक माणूस वाचला. ज्याला जगात कुठेच थारा नाही त्याने जमीन विकत घेऊन घर बांधलं, याला मी अन्याय म्हणू शकत नाही.

शिवाय १९२९ चं हेब्रॉन विसरू नका. तिथे ६७ ज्यू कापले गेले. त्यातले कित्येक पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे, झायनवादाशी, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीशी, घेणंदेणं नसलेले धार्मिक लोक होते.

निम्मी

हेब्रॉनमध्ये बरेच ज्यू वाचले ते अरब शेजाऱ्यांनी घरात लपवल्यामुळे, हेही त्याच दिवसाचं आहे.

अनुराधा_पुणे

दर्यावर्दी, स्ट्रुमाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचताना माझ्याही पोटात तुटलं. ज्यूंना आसरा हवा होता यात मला शंकाच नाही. पण तो आसरा नाकारला युरोपने आणि अमेरिकेने. त्याची किंमत अल-फुलाच्या कुळाने का मोजायची, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता साल सांगते. १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेत पॅलेस्टाइनची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास होती आणि त्यात ज्यू सुमारे ११ टक्के. १९४७ पर्यंत ते साधारण एक तृतीयांश झाले. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. एक तृतीयांश लोकसंख्या आणि ७ टक्के मालकी असलेल्यांना सुमारे ५५ टक्के भूभाग मिळाला. नियोजित ज्यू राज्यातही जवळपास निम्मे लोक अरब असणार होते. ‘ज्यूंनी फाळणी मान्य केली, अरबांनी नाकारली’ हे वाक्य खरं आहे, पण नाकारणाऱ्याच्या जागी बसून हे आकडे बघा. तुम्ही सही केली असती?

त्यानंतर जे झालं त्याला विक्री म्हणता येणार नाही. ९ एप्रिल १९४८ ला देर यासिनमध्ये शंभराहून जास्त गावकरी मारले गेले. (चार दिवसांनी हदासा रुग्णालयाकडे जाणाऱ्या ताफ्यावर हल्ला होऊन ७८ लोक मारले गेले, त्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. तेही लिहिते.) १९४९ च्या युद्धबंदीपर्यंत सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी निर्वासित झाले. पॅलेस्टिनी त्याला नकबा, म्हणजे महाआपत्ती, म्हणतात. इस्रायलच्या ताब्यात जुन्या पॅलेस्टाइनचा ७८ टक्के भाग आला. मग १९५० मध्ये ‘गैरहजर मालमत्ता कायदा’ झाला. जो मालक जागेवर नाही त्याची जमीन सरकारच्या ताब्यात. मालक जागेवर का नाही, हे विचारायचं नाही. जे इस्रायलच्या हद्दीतच शेजारच्या गावी आसऱ्याला गेले होते त्यांचीही जमीन गेली. त्यांना ‘हजर गैरहजर’ असं म्हणतात.

दर्यावर्दी

सही केली असती का? मी केली असती. पूर्ण मिळणार नाही हे दिसत असताना जे मिळतंय ते पदरात पाडून घेतलं असतं. १९३७ मध्ये फाळणी सुचवणाऱ्या ब्रिटिशांच्या पील आयोगाने ज्यूंना फार छोटा तुकडा देऊ केला होता, तेव्हाही अरब नेतृत्वाने नकारच दिला. आणि १५ मे १९४८ ला पाच अरब देशांच्या फौजा आत शिरल्या हे तुमच्या प्रतिसादातून गळलं आहे.

लोदकर

शलोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायली, म्हणजे मूळचा कोकणातला ज्यू. वडील रेवदंड्याचे, आई पेणकडची. १९६० नंतर दोघं मुंबईहून इकडे आले. माझा जन्म लोदचा. मराठी घरात शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

अनुराधाताईंनी लिहिलं त्यात माझं गाव येतं म्हणून लिहितो. लोद म्हणजे अरबांचं लिद्दा. १९४८ च्या जुलैत इस्रायली फौजेने लिद्दा आणि रामले घेतलं आणि पन्नास ते सत्तर हजार लोकांना बाहेर काढलं. लोक उन्हात पायी पूर्वेकडे गेले, वाटेत कित्येक तहानेने मेले. लोकांना हाकलून देण्याच्या हुकमावर यित्झाक राबीन यांची सही होती. हेच राबीन पंतप्रधान म्हणून १९९३ साली पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्याशी हात मिळवून आले आणि १९९५ साली एका ज्यू माथेफिरूच्या गोळीने मेले. मी त्यांना फार मानतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आमच्या आईवडिलांना सरकारने चाळीसारख्या इमारतीत दोन खोल्या दिल्या. आजूबाजूला मोरोक्कोचे, बल्गेरियाचे, कोचीनचे ज्यू आणि मागे राहिलेली थोडी अरब कुटुंबं. लहानपणी मी विचारी, ही जुनी दगडी घरं कुणाची? वडील म्हणत, लढाईत निघून गेले ते लोक. वडिलांना त्याहून जास्त माहीत नव्हतं. ते रेवदंड्याहून कुणाचं काही घ्यायला आले नव्हते. सिद्दूरमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या पोथीत, रोज म्हटलेल्या शहरात जायचं म्हणून आले आणि विमानतळाजवळच्या कारखान्यात फिटर झाले.

माझी मुलं इथली. फौजेत जाऊन आली. आम्हाला इथून उठवा असं कुणी म्हणालं तर मी उठणार नाही, कुठे जाऊ? पण हे शहर रिकामं होतं असं मुलांना सांगायचं नाही, हे बायकोचं आणि माझं ठरलेलं आहे. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या लोदमध्येच दंगल झाली. सिनेगॉग जाळली गेली, आधी एक अरब तरुण मारला गेला, मग एक ज्यू माणूस दगड लागून मेला. त्या ज्यू माणसाच्या घरच्यांनी त्याची किडनी दान केली आणि ती एका अरब बाईंना बसवली. त्या आठवड्यात आमच्या जिन्यातल्या अरब शेजारणीला माझी बायको बाजारात एकटी जाऊ देत नव्हती, आणि आमच्या दारासमोर तिचा मुलगा बसून राही.

तात्या_सांगली

लोदकर, तुमचं मराठी आमच्याहून स्वच्छ आहे. सांभाळून आम्हालाच घ्यावं लागेल.

अवांतर: तुमचं आडनाव रेवदंडेकर असणार आणि नातवंडांचं लोदकर, बरोबर? माणूस कुठेही गेला तरी ‘कर’ काही सुटत नाही!

निम्मी

अवांतर पुढे नेते, माफ करा. माझी आजी अलिबागची. त्यांच्या आळीत शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायलीच, राहत. घाणा चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून हे नाव. ते सगळे १९५० नंतर हळूहळू इस्रायलला गेले. तिकडे त्यांना कसं वागवलं गेलं?

लोदकर

निम्मीताई, सुरुवातीला बरं नव्हतं. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कचेरीने फर्मान काढलं की बेने इस्रायली मुलामुलीचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं तर मागच्या पिढ्या तपासायच्या. म्हणजे आम्ही खरे ज्यू की नाही अशी शंका. दोन हजार वर्षं कोकणात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळला, कुणी कधी त्रास दिला नाही, आणि आपल्या म्हणवणाऱ्या देशात वंशावळ मागितली. लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. १९६४ मध्ये संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत.

आता दिमोना, बेअर शेवा, अश्दोद, लोद, रामले इथे आमची वस्ती आहे. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इथून निघत आलं आहे. मलिदा हा आमचा नैवेद्य अजून होतो, त्यात पोहे नारळ तेच.

डॉ_हेमंत

चर्चा चांगल्या वळणावर आहे, म्हणून भारताचा भाग जोडतो, कारण आपल्याकडे तो अर्धवट सांगितला जातो.

१९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष समितीत ११ देश होते, त्यात भारत एक. आपले प्रतिनिधी होते न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान. समितीच्या बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी वेगळा अहवाल दिला: एकच देश, त्यात अरब आणि ज्यू अशी दोन घटक राज्यं, राजधानी जेरुसलेम. त्या वेळी हा प्रस्ताव दोन्ही बाजूंनी झिडकारला. आपण त्याच महिन्यांत स्वतःच्या फाळणीत होरपळत होतो, म्हणून भारताच्या त्या भूमिकेला मी नुसती मुस्लीम मतांची चिंता मानत नाही. फाळणी केल्याने काय होतं हे आपल्याला रोज दिसत होतं. नोव्हेंबरमध्ये भारताने ठरावाविरुद्ध मत दिलं.

गांधीजींनी १९३८ मध्ये लिहिलं होतं की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं. ज्यूंबद्दल त्यांना खोल सहानुभूती होती, पण जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रह सुचवला. तो सल्ला मला आजही पचत नाही. सावरकरांनी उलट ज्यू राज्याचं स्वागत केलं. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास होता, पण पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये नरसिंह रावांच्या काळात जुळले. दरम्यान १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्याला मान्यता दिली. १९५६ ते १९६७ भारतीय जवान शांतिसेनेत गाझामध्ये होते आणि जून १९६७ च्या युद्धात त्यातले काही तिथेच मारले गेले. हे जवान आपल्याकडे कुणाच्या लक्षात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

तात्या_सांगली

डॉक्टर, हैफा राहिलं. २३ सप्टेंबर १९१८, जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने भाले घेऊन मशीनगनवर चाल केली आणि तुर्कांकडून शहर घेतलं. दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्याच लढाईच्या आठवणीचा.

झटपट

एवढं कशाला? दोन राज्यं करा आणि मिटवा.

अनुराधा_पुणे

झटपट, तेच तर करायचं ठरलं होतं. १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांच्यात ऑस्लो करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातल्या भागात, इस्रायली वसाहतकरी साधारण १ लाख १० हजार होते. आज पाच लाखांच्या आसपास आहेत. ज्या जमिनीवर दुसरं राज्य व्हायचं तिच्यावरच घरं बांधली जात राहिली.

दर्यावर्दी

आणि ऑस्लोनंतर बसमध्ये, हॉटेलांत आत्मघातकी स्फोट होत राहिले. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे २००० नंतरच्या पॅलेस्टिनी उठावात, सुमारे हजार इस्रायली मेले. २००५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांनी गाझातल्या सगळ्या २१ वसाहती उठवल्या, आठ हजार ज्यूंना घराबाहेर काढलं. बदल्यात काय मिळालं? २००७ पासून हमासची सत्ता आणि रॉकेटं. वसाहती उठवल्या की प्रश्न सुटतो, हे इस्रायली माणसाला आता कोण पटवणार?

अनुराधा_पुणे

त्याच दुसऱ्या इंतिफादात सुमारे तीन हजार पॅलेस्टिनीही मेले. आणि गाझातून वसाहती उठल्या, पण हवाई हद्द, समुद्र आणि बहुतेक वेशी इस्रायलच्याच हातात राहिल्या. २००७ नंतर नाकेबंदी.

पुसट_रेघ

सगळे जण जमिनीचं बोलताय. ७ ऑक्टोबर २०२३ ला जे झालं ते कोणत्या उताऱ्यात बसवणार? बाराशेच्या आसपास माणसं एका दिवसात मारली, अडीचशे पळवून नेली. बेएरी किब्बुत्झमध्ये (सामुदायिक शेतीच्या वसाहतीत) व्हिव्हियन सिल्व्हर यांना मारलं, ज्या गाझातल्या आजारी लोकांना इस्रायली दवाखान्यांत पोचवायला मदत करायच्या. माफ करा, मला सातबारा दिसत नाही तिथे, निव्वळ क्रौर्य दिसतं.

शेतसारा

पुसट_रेघ, क्रौर्यच आहे. बायका-पोरांना मारायला कुठलाही उतारा परवानगी देत नाही. त्यानंतर गाझात इस्रायलने जे केलं त्यालाही नाही. गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार मृतांचा आकडा ६० हजारांच्या पुढे गेला आहे, त्यात हजारो मुलं. उपासमार झाली. मला हे दोन्ही लिहिताना हात जड होतो.

पण गाझा म्हणजे कोण लोक, हे जमिनीशिवाय कळत नाही. तिथल्या दर तीन माणसांत दोघांहून जास्त निर्वासित किंवा त्यांची मुलंनातवंडं आहेत, कुंपणापलीकडच्या गावांतली. वर्षानुवर्षं रॉकेटं झेललेलं स्देरोत १९५१ मध्ये नज्द या ओसाड पाडलेल्या गावाच्या शिवारात वसवलं गेलं, आणि तिथे आणून बसवलेले बहुतेक लोक स्वतः उत्तर आफ्रिकेतून आलेले गरीब ज्यू होते.

हे मी म्हणतो म्हणून घेऊ नका. १९५६ च्या एप्रिलमध्ये गाझाच्या सीमेवर नाहल ओझ किब्बुत्झचा रॉय रोटबर्ग हा तरुण मारला गेला. त्याच्या अंत्यविधीला लष्करप्रमुख मोशे दायान बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की मारेकऱ्यांना दोष देत बसू नका. आठ वर्षं ते छावण्यांत बसून पाहताहेत की त्यांच्या वाडवडिलांची जमीन आणि गावं आपण आपलं घर करतो आहोत. आणि यावरून दायान यांनी निष्कर्ष काढला तो जमीन परत करण्याचा नव्हे, हातातली तलवार कधीच खाली न ठेवण्याचा. समोरच्याचं दुःख इतकं स्पष्ट दिसूनही माणूस तिथेच पोचतो, हे मला या इतिहासात सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं.

लोदकर

ते भाषण इथे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. बहुतेकांना शेवटचा भाग लक्षात राहतो.

संपादक मंडळ

दोन प्रतिसादांतले व्यक्तिगत शेरे काढले आहेत. धागा सुरू राहू द्या.

दर्यावर्दी

काकांच्या मूळ प्रश्नावर येतो. हिसकावलेल्या जमिनींची यादी करायची तर पूर्ण करा. १९५० मध्ये इराकने कायदा केला की ज्यूंनी नागरिकत्व सोडावं आणि जावं. सव्वा लाखाच्या आसपास ज्यू निघाले. मार्च १९५१ मध्ये त्यांची मालमत्ता गोठवली, दुकानं, घरं, बँकेतले पैसे सगळं गेलं. इराकच्या भूमीत ज्यू राहत होते ते इस्लामच्याही आधीपासून. पुण्याचं लाल देऊळ ज्या ससूनांनी बांधलं ते तिथल्याच बगदादचे. येमेन, इजिप्त, लिबिया इथूनही तेच. अरब देशांतून पुढच्या काही दशकांत सुमारे आठ लाख ज्यू बाहेर पडले. त्यांच्या गैरहजर मालमत्तेबद्दल कुणी धागा काढत नाही.

अनुराधा_पुणे

काढायला हवा, पूर्ण सहमत. पण बगदादने घेतलेलं घर याफासारख्या पॅलेस्टाइनमधल्या शहरातल्या माणसाकडून वसूल करता येत नाही. तो इराकचा गुन्हा आहे.

आणि एकच नियम दोघांना लागू होत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. पूर्व जेरुसलेममधलं शेख जर्राह बघा. तिथे १९४८ पूर्वी काही जागा ज्यूंच्या होत्या. १९५६ मध्ये, तो भाग जॉर्डनकडे असताना, जॉर्डन सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २८ पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांना तिथे घरं दिली. १९६७ मध्ये इस्रायलने तो भाग घेतला आणि १९७० च्या कायद्याने ज्यूंना १९४८ पूर्वीची मालमत्ता परत मागता येऊ लागली. पण त्याच शहराच्या पश्चिम भागात तालबिया, कतामोन इथे ज्या पॅलेस्टिनींची घरं होती, त्यांना ती मागता येत नाहीत. जुना कागद एकाचा चालतो, दुसऱ्याचा चालत नाही.

दर्यावर्दी

शेख जर्राहबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तो कायदा मलाही समर्थनीय वाटत नाही.

निम्मी

हे वाक्य कुणीतरी फ्रेम करून ठेवा, नवव्या इयत्तेपासून दोघांना भांडताना बघतेय.

वाचनमात्र

मग वेस्ट बँकमधल्या जमिनीचा उतारा आज कुणाच्या नावावर आहे?

शेतसारा

हाच माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे १८५८ चा तुर्की कायदा परत येतो.

१९६७ नंतर सुरुवातीच्या वसाहती ‘लष्करी गरज’ म्हणून घेतलेल्या खासगी जमिनीवर होत. १९७९ मध्ये नाब्लसजवळच्या एलोन मोरे वसाहतीविरुद्ध गावकरी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. वसाहतकऱ्यांनीच प्रतिज्ञापत्रात सांगितलं की आम्ही सुरक्षेसाठी आलो नाही, ही भूमी देवाने आम्हाला दिली म्हणून कायमचं राहायला आलो. न्यायालयाने वसाहत उठवायला लावली. निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला, याचं श्रेय त्या न्यायालयाला द्यायलाच हवं.

पण सरकारने दुसरी वाट काढली. १८५८ च्या कायद्यात अशी तरतूद होती की एका प्रकारची जमीन सलग तीन वर्षं पडीक राहिली तर ती सरकारकडे जाऊ शकते. डोंगरउताराची, खडकाळ, गुरं चारायची जमीन कोण दरवर्षी नांगरणार? १९८० च्या दशकात अशी लाखो दुनम जमीन ‘सरकारी’ म्हणून जाहीर झाली आणि वसाहतींकडे गेली. मालकी शाबीत करायची तर कागद हवा. जॉर्डनच्या काळात नोंदणीचं काम सुरू होतं, वेस्ट बँकचा साधारण एक तृतीयांश भाग पुरा झाला होता. १९६८ मध्ये इस्रायलने ते थांबवलं. म्हणजे दोन तृतीयांश जमिनीला पक्का उतारा नाही, आणि उतारा नाही म्हणून जमीन सरकारी. ऑस्लोनंतर सुमारे ६० टक्के वेस्ट बँक ‘क’ भाग म्हणून पूर्ण इस्रायली ताब्यात आहे. २०२५ च्या मे महिन्यात इस्रायली मंत्रिमंडळाने तिथली नोंदणी पुन्हा सुरू करायचं ठरवलं, स्वतःच्या हाताखाली. महसुलात आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, मोजणीचा खुंट कोण ठोकतो त्यावर पुढची शंभर वर्षं ठरतात. मला या बातमीची रणगाड्यांइतकीच भीती वाटते.

मुक्काम_पोस्ट

मी बरीच वर्षं आखातात नोकरी करतो. एका पॅलेस्टिनी सहकाऱ्याकडे याफाजवळच्या संत्र्याच्या बागेची ब्रिटिश काळातली साऱ्याची पावती आहे, आजोबांच्या नावाची. तो विचारतो, या कागदाला कुठे काही किंमत आहे का? शेतसारा काका, तुम्ही काय सांगाल?

शेतसारा

त्याला सांगा, पावती जपून ठेव, आणि नोंद फक्त त्याच्याच कपाटात नाही. १९४८ नंतर संयुक्त राष्ट्रांनी समेट आयोग नेमला होता. त्याच्या कचेरीने ब्रिटिश काळातली दप्तरं तपासून १९६४ पर्यंत इस्रायलच्या हद्दीतल्या अरब मालमत्तेच्या साडेचार लाखांच्या आसपास नोंदी तयार केल्या. कुणाची, कोणत्या गावात, किती दुनम. ते दप्तर न्यूयॉर्कला आहे. त्या पावतीवरचा गट आणि गाव तिथे जुळण्याची शक्यता चांगली आहे.

दर्यावर्दी

भरपाई द्यावी, या मताचा मी आहे. इराकी ज्यूंनाही आणि याफाच्या माणसालाही. पण लाखो लोकांनी त्याच जागी परत येणं म्हणजे लोदकरांसारख्यांना पुन्हा उठवणं. ते होऊ नये.

अनुराधा_पुणे

डिसेंबर १९४८ च्या १९४ क्रमांकाच्या ठरावात दोन्ही लिहिलंय. ज्यांना शांततेने राहायचंय त्यांनी परत यावं, ज्यांना यायचं नाही त्यांना भरपाई द्यावी. निवड निर्वासिताची आहे, तुमची-माझी नाही. आणि परत येणं म्हणजे उठवणंच असं का धरताय? ओसाड पाडलेल्या किती गावांच्या जागी आज नुसती शेतं आणि लावलेली पाइनची झाडं आहेत.

लोदकर

अनुराधाताई, यावर मला सविस्तर लिहायचं आहे, पण आता शब्बाथ लागतो. रविवारी लिहितो. त्या गावांची यादी आणि नकाशा कुणाकडे असेल तर तोवर इथे टाका, मला आमच्या लोदच्या आसपासची गावं त्यावर बघायची आहेत.